मावशींचा नंबर

रक्त तपासणाऱ्या त्या लॅबच्या काउंटरवर ज्या बाई बसत, त्यांना सगळे मावशीच म्हणत. वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा "मावशी, झाला का हो माझा रिपोर्ट?" असं विचारत आणि मावशीही कुणाचं नातं नाकारत नसत. लॅब तळमजल्यावर, चपलांच्या दुकानाला लागून. पुढे दोन बाकं, मग काचेची खिडकी, आणि खिडकीमागे मावशी. त्यांच्या पाठीशी एक हिरवा पडदा. पडद्याआड रक्त काढणारा हडकुळा माणूस बसे. मावशींनी त्याला 'डास' म्हणायला सुरुवात केली आणि पुढे ते नाव त्याच्या बायकोच्याही तोंडी बसलं. पडद्यातून डोकं बाहेर काढून तो म्हणायचा, "पाठवा कुणाला तरी, मावशी. सकाळपासून उपाशी आहे."

"लाज वाटू दे," मावशी म्हणत आणि बाकावरच्या माणसाकडे वळत. "काका, उपाशीपोटी आलात ना?"

"हो. नुसता चहा घेतला."

"साखर तपासायला आलात आणि साखरेचाच चहा घेतलात? उद्या या. चहाला म्हणावं, तू घरी थांब."

नवरा गेला तेव्हा मावशींचा मुलगा अगदी लहान होता. लॅबच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्यांना बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या कामाला घेतलं. अक्षर नेटकं आणि जिभेला आवर, म्हणून पुढे काउंटरवर बसवलं. बसवताना डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, "इथे येणारा माणूस आपल्याकडे काहीतरी ठेवायला देतो. ज्याचं त्याला परत द्यायचं. मध्ये कुणाच्या हातात जाऊ द्यायचं नाही, आपल्या मनातसुद्धा फार वेळ ठेवायचं नाही." मावशी देवभोळ्या. माणूस देवापुढे काय काय बोलतो आणि देव ते कुणाला सांगत नाही, तेवढ्यापुरतं तरी आपल्याला देवासारखं वागायला मिळतंय, असं त्यांच्या मनाने घेतलं. संध्याकाळी घरी गेल्यावर कुणी विचारलं, "काय म्हणतेय लॅब?" तर त्या म्हणत, "रक्त लालच आहे सगळ्यांचं."

पूर्वी रिपोर्ट हातात मिळायचा. मग मोबाइल आले आणि लॅबने मेसेज पाठवायला सुरुवात केली. नावापुढे नंबर टाकायचा, की रिपोर्ट तयार झाल्याबरोबर तपासणीच्या नावासकट मेसेज जाणार. सोयीचंच होतं. पण बऱ्याच घरांत फोन एकच आणि तो घरातल्या पुरुषाच्या खिशात. एका नव्या लग्नाच्या मुलीचा मेसेज तिच्याआधी तिच्या नवऱ्याने वाचला. पुढच्या खेपेला ती आली ती गालावर रुमाल धरून. दाढ दुखतेय म्हणाली. मावशींनी तिला पाणी दिलं आणि त्या दिवसापासून प्रत्येक बाईला खालच्या आवाजात विचारायला लागल्या, "मेसेज कुणाच्या हातात पडू दे?"

ज्या बाया पटकन नंबर सांगत, त्यांचा प्रश्नच नव्हता. ज्या गप्प बसत, इकडेतिकडे बघत, त्यांच्या नावापुढे मावशी स्वतःचा नंबर टाकत. "माझ्या फोनवर येईल. आला की पुसून टाकीन. तू चार दिवसांनी ये आणि हातात घेऊन जा." त्यांचा फोन तेव्हा बटणांचा होता, मेसेज वाचायचा आणि पुसायचा, बस. यात आपलं काही चुकतंय असं त्यांना कधी वाटलं नाही. डॉक्टरांना माहीत होतं की नाही कोण जाणे. कळलं असतं तर बहुधा चष्म्यावरून बघून गप्प बसले असते.

त्या गप्प बसणाऱ्यांतच माऊ होती.

माऊ मागच्या गल्लीत पाळणाघर चालवायची. मुलं तिला माऊ म्हणत, म्हणून त्यांच्या आयाही माऊ म्हणत. नवरा कधीच सोडून गेलेला. जाताना तिच्या रक्तात बी प्रकारची कावीळ ठेवून गेला, असं ती स्वतःच म्हणायची, हसून. हा आजार काहींच्या अंगात वर्षानुवर्षं मुकाट पडून राहतो. औषध चालू ठेवायचं, अधूनमधून रक्त तपासायचं आणि आपलं काम करत राहायचं. डॉक्टरांनी तिला मावशींसमोरच समजावलं होतं, की हा रक्तातून लागतो, भरवण्याने, झोपवण्याने, नाक पुसण्याने नाही, आणि मुलांना तर त्याची लस जन्मल्याबरोबरच देतात. स्वतःला कापलं-खरचटलं तर काय करायचं तेही सांगितलं आणि ती ते जिवापाड पाळायची.

"डॉक्टरांचं बोलणं डॉक्टरांच्या खोलीत खरं असतं, मावशी," बाहेर आल्यावर ती म्हणाली. "माझ्या दारात आयांचं खरं. माझा फोन दिवसभर आया आणि मुलं हाताळतात. एकीला कळलं तर संध्याकाळपर्यंत माझ्याकडे एक मूल राहणार नाही."

"कळेल कशाला?" मावशी म्हणाल्या आणि तिच्या नावापुढे आपला नंबर टाकला.

पुढे मावशींना नात झाली. बिट्टी. सून नोकरीवर परत जायची वेळ आली तेव्हा मुलाने विचारलं, "आई, तुझ्या ओळखीचं एखादं पाळणाघर आहे का? चांगलं?"

मावशींनी थोडा विचार केला. बिट्टीच्या लशी एकूण एक झालेल्या होत्या. माऊचे हात किती स्वच्छ असतात ते त्यांनी पाहिलं होतं, आणि रडणाऱ्या मुलाला ती कशी कुशीत घेते तेही. "आहे," त्या म्हणाल्या. "डोळे मिटून ठेव." बिट्टी पहिल्या आठवड्यात रडली, दुसऱ्या आठवड्यापासून घरी येताना रडायला लागली.

डॉक्टर थकले. हात थरथरायला लागला तसं त्यांनी लॅब एका मोठ्या कंपनीला विकली आणि मुलीकडे राहायला गेले. बाहेर नवी पाटी लागली. हिरवा पडदा जाऊन तिथे सरकतं दार आलं. डासाला निळा शर्ट मिळाला. "आता डास नाही, माशी दिसतोस," मावशी म्हणाल्या. काउंटरवर एक पाटीएवढी स्क्रीन आली. तिच्यावर बारीक अक्षरांत पानंच्या पानं मजकूर आणि खाली एक चौकोन: 'मला मान्य आहे.' तो माणसाने स्वतः वाचून स्वतः दाबायचा. पण बाकावर दहा माणसं उपाशी बसलेली, कुणाचा चष्मा घरी, कुणाला वाचता येत नाही. "मावशी, तुम्हीच दाबा काय ते," असं सगळे म्हणत आणि मावशी दाबत. कंपनीच्या सगळ्याच काउंटरवर असंच चालायचं. मॅनेजरसुद्धा येता-जाता म्हणायचा, "रांग थांबवू नका, मावशी."

त्याच मॅनेजरने एक दिवस सगळ्यांना बसवून नवी गोष्ट समजावली. कंपनीचं ॲप येणार. त्यात घरातल्या सगळ्यांचे जुने-नवे रिपोर्ट एका ठिकाणी दिसणार. "आपलं सूत्र सोपं आहे," तो म्हणाला. "एक नंबर, एक कुटुंब."

मावशींना आपल्या नंबरावरच्या बाया आठवल्या. त्यांनी हात वर केला. "साहेब, एका नंबरावर घराबाहेरची माणसं असली तर?"

"कुणाच्या नंबरावर घराबाहेरची माणसं असतात?" तो म्हणाला, आणि दोघं-तिघं हसले.

"नाही, म्हणजे एखाद्याकडे फोन नसतो. शेजारणीचा देतात कधी."

"ते सिस्टिम बघेल, मावशी. तुम्ही नका डोक्याला त्रास करून घेऊ."

त्या खाली बसल्या. खरं म्हणजे तेव्हाच उठून सांगायला हवं होतं, की साहेब, तो नंबर माझाच आहे आणि त्यावर माझ्या घरातलं कुणीच नाही. ओठांवर आलंही होतं. पण नवी माणसं, नवी शिस्त. डॉक्टर होते तोवर चुकलं तर रागावत. हे रागावत नाहीत, काढून टाकतात. निवृत्तीला थोडंच राहिलं होतं. सिस्टिम बघेल म्हणतायत ना, मग बघेल, असं त्यांनी मनाला सांगितलं आणि मनाने ऐकल्यासारखं केलं.

त्यानंतर बिट्टीला ताप आला. उतरेना, म्हणून रक्त तपासायचं ठरलं. सकाळी मावशींनीच तिला कडेवर घेऊन नेलं. डासाने सुई टोचली तेव्हा बिट्टीने त्याच्या निळ्या शर्टावर दूध ओकलं. "फिटलं तुझं," मावशी म्हणाल्या. मुलगा नातीला घरी घेऊन गेला. नंबर अर्थातच मावशींचा. या एका वेळी तरी तो खरोखर घरच्या माणसासाठी होता.

दुपारी रांग दारापर्यंत गेलेली असताना सुनेचा तिच्या ऑफिसमधून फोन आला. "आई, बिट्टीचा रिपोर्ट ॲपवर दिसेल म्हणतात. मी माझ्या फोनवर घेतलंय ॲप. तुमच्याकडे एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगा ना."

"आत्ता? इथे माणसं उभी आहेत गं."

"आई, सहा आकडे तर आहेत. माझा जीव टांगणीला लागलाय इकडे."

काउंटरवर एक गृहस्थ आपली बाटली नाचवत उभे होते. मावशींनी फोन कानापासून दूर धरला, चष्मा वर केला आणि आकडे वाचून दाखवले. सून म्हणाली, "उघडलं." मग म्हणाली, "बिट्टीचं सगळं ठीक दिसतंय." मावशींनी फोन ठेवला आणि बाटलीवाल्यांना म्हणाल्या, "द्या इकडे, सांडेल."

घरी आल्या तेव्हा सून स्वयंपाकघराच्या टेबलाशी फोन समोर ठेवून बसली होती. बिट्टी तिच्या मांडीवर झोपलेली. मुलगा अजून आला नव्हता.

"आई, हे काय आहे?"

मावशींनी पाहिलं. वर 'आपलं कुटुंब' असं लिहिलेलं आणि खाली बिट्टी. बिट्टीच्या खाली बायकाच बायका. एकेका नावावर बोट ठेवलं की तिचं सगळं उघडत होतं. गालावर रुमाल धरून आलेली ती मुलगीही त्यात होती. मावशी स्टुलावर टेकल्या.

"मला वाटलं, ॲप बिघडलंय," सून म्हणाली. "मग हे नाव दिसलं. पाळणाघराच्या पावतीवर हेच नाव असतं. ही माऊ आहे ना?"

"बंद कर ते."

"माऊ आहे ना, आई?"

"दुसऱ्याचं आहे ते, बाळा. बंद कर."

"दुसऱ्याचं? माझी मुलगी दिवसभर तिच्या मांडीवर असते. तुम्हाला माहीत होतं?"

मावशींनी तिच्यासमोरचा फोन उचलून पालथा ठेवला, आणि तेच उत्तर झालं.

"तुम्हाला माहीत होतं. डोळे मिटून ठेव म्हणालात तुम्ही. हेच शब्द होते तुमचे."

"अगं, त्याने काही होत नाही. बिट्टीची लस झालीय. डॉक्टरांना विचारूनच…"

"मग मला का नाही विचारलंत? मी तिची आई आहे की ते डॉक्टर?"

याला मावशींकडे उत्तर होतं, पण देता येण्यासारखं नव्हतं. तुला विचारायचं म्हणजे तुला सांगायचं, आणि ते सांगण्याचा अधिकार माझा नव्हता. सून समोर बिट्टीला छातीशी धरून बसलेली. तिला हा न्याय पटण्यासारखा नव्हता, आणि तिच्या जागी मावशी असत्या तर त्यांनाही पटला नसता. त्यांनी एवढंच म्हटलं, "बिट्टीला नको ठेवूस तिथे. तुझी मर्जी. पण कुणाला सांगू नकोस. तुझ्यापुढे हात जोडते. तिचं पोट आहे त्याच्यावर."

"मी कशाला सांगू?" सून म्हणाली.

तिने खरोखरच गावभर सांगितलं नाही. एकीलाच सांगितलं. ऑफिसमध्ये तिच्या शेजारी बसणारी, जिचा मुलगा बिट्टीबरोबर माऊकडे असायचा. "तिला न सांगता कशी राहू?" असं नंतर नवऱ्यापाशी म्हणाली. "उद्या काही झालं असतं तर?" त्या बाईलाही तसंच वाटलं असणार आणि तिने सांगितलं त्या बाईलाही. कुणी वाईट बुद्धीने बोललं नाही. प्रत्येकीने फक्त एकीला सांगितलं.

आठवडा संपायच्या आत मावशी बिट्टीची पिशवी आणायला पाळणाघरात गेल्या. दार उघडंच होतं. भिंतीला मुलांच्या हाताला येतील अशा ठेंगण्या खुंट्या, आणि सगळ्या रिकाम्या. बिट्टीची पिशवी तेवढी शेवटच्या खुंटीला. छोट्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यात लावलेल्या. माऊ खाली बसून प्लास्टिकचे ठोकळे पुसत होती. रोज संध्याकाळी पुसायची, तशीच.

"या मावशी," ती म्हणाली. "गर्दी नाही आज. एक म्हणाली आम्ही गावाला जातोय. दुसरी म्हणाली सासूबाई आल्यायत सांभाळायला. सगळ्यांच्याच सासवा एकदम आल्या. बरंय, मुलांना आज्या मिळाल्या."

मावशी तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. गुडघे वाजले.

"एकीने मात्र तोंडावर विचारलं," माऊ म्हणाली. "म्हणाली, तुझ्या अंगात हे होतं तर आम्हाला फसवलंस का? तिच्या मुलाला दीड वर्ष मी सांभाळलंय, चालायला शिकवलंय. तो जाताना मागे वळून बघत होता, तर तिने त्याची मान धरून पुढे केली." तिने ठोकळा खाली ठेवला. "तुम्ही सांगितलंत?"

"नाही," मावशी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण माझ्याकडूनच गेलं." आणि त्यांनी सगळं सांगितलं. नंबर, ॲप, ते सहा आकडे, सून. आपण मीटिंगमध्ये उठून अर्धंच बोललो, तेही सांगितलं.

माऊने ऐकून घेतलं. ती रडली असती, भांडली असती तर मावशींना सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "बिट्टीला ती दुधाची बाटली गार चालत नाही. सुनेला सांगा. नाहीतर पीत नाही ती."

दुसऱ्या दिवशी मावशी आपणहून मॅनेजरकडे गेल्या. म्हणाल्या, "साहेब, तो नंबर माझा आहे. ती माणसं माझी नाहीत. त्यांना त्यातून सोडवा."

मॅनेजरने दार लावून घेतलं. थोड्या वेळाने कंपनीची वकीलबाई फोनच्या स्क्रीनवर आली. पोक्त, शांत आवाजाची. मावशींना ती वाईट वाटली नाही.

"नाव वेगळं करायचं तर ज्याचं नाव त्याने विनंती करायला लागते," वकीलबाई म्हणाली. "नोंदवलेल्या नंबरावर ओटीपी जातो, तो त्याने द्यायचा."

"नोंदवलेला नंबर माझाच आहे ना, बाई."

"म्हणून तुम्हाला ती विनंती करता येणार नाही. तुम्ही त्या नाही आहात."

"मग पुसून तरी टाका."

"वैद्यकीय नोंद ठराविक वर्षं ठेवावी लागते. नियम आहे, आणि तो रुग्णांच्या भल्यासाठीच आहे."

मॅनेजरने एक छापील निवेदन पुढे केलं. मावशींनी ते सावकाश वाचलं. कर्मचाऱ्याने स्वतःच्या जबाबदारीवर चुकीचे नंबर भरले. रुग्णांच्या वतीने संमतीचा चौकोन स्वतः दाबला. ओटीपी त्रयस्थ व्यक्तीला सांगितला. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं.

"मी मीटिंगमध्ये विचारलं होतं, तेही लिहा," मावशी म्हणाल्या. "रांग थांबवू नका म्हणून तुम्हीच सांगत होता, तेही."

"ते या कागदात बसत नाही, मावशी," मॅनेजर म्हणाला. तो खाली बघत होता. वाईट त्यालाही वाटत असावं. वर त्याचेही साहेब होते.

"ज्यांची माहिती गेली, त्यांना कळवणार ना तुम्ही?" त्यांनी वकीलबाईला विचारलं.

"कायद्याने कळवावंच लागतं. प्रत्येकीला आम्ही कळवू."

मावशींनी सही केली. जे खरं आहे त्यावर सही करायला देवाची भीती नव्हती; जे लिहिलं नाही, त्याचा हिशेब तो करील. त्यांनी खुर्चीवरची उशी काढून घेतली, ती घरची होती. डास दारापर्यंत आला. रिक्षा मिळेपर्यंत उशी त्यानेच धरली.

ॲप कंपनीने काही दिवस बंद ठेवलं. ज्या दिवशी सूचना निघाल्या त्या दिवशी मावशी घरी भांडी घासत होत्या. फोन वाजला. हात पुसून त्यांनी पाहिलं: 'महोदया, आपली माहिती अनधिकृत व्यक्तीच्या नजरेस पडल्याची शक्यता असून याद्वारे आपणांस कळवण्यात येत आहे.' वर नाव त्या नव्या लग्नाच्या मुलीचं. मग दुसरी सूचना, दुसरं नाव. मग फोन वाजतच राहिला. कंपनीने शब्द पाळला होता. प्रत्येक बाईला, तिच्या नावापुढे नोंदवलेल्या नंबरावर कळवलं होतं. मावशी फोन धरून उभ्या राहिल्या. त्यांच्यापैकी कुणाचा दुसरा नंबर त्यांच्याजवळ नव्हता, पत्ता नव्हता. त्यांना फक्त चेहरे आठवत होते. आपणच प्रत्येकीच्या दाराला कडी लावली होती, आणि आता बाहेरून हाक मारायलाही वाट राहिली नव्हती.

एकीचं दार तेवढं माहीत होतं. माऊची सूचना घेऊन त्या गेल्या. पाळणाघराची पाटी उतरवलेली होती. माऊ एका मोठ्या हॉटेलच्या धोबीखान्यात लागली होती आणि कामाला निघायच्या तयारीत होती.

"चादरींना कुणाची भीती वाटत नाही," ती म्हणाली. मावशींनी फोन पुढे केला. तिने वाचलं. "मग आता मी काय करायचं यात?"

"तक्रार करता येते, माऊ. कार्यालय आहे त्याचं. मी येते बरोबर. जे झालं ते सगळं सांगते, सही केली त्यात नाही तेसुद्धा. नोकरी तर गेलीच आहे माझी."

"तक्रारीत काय लिहायचं?"

"हेच सगळं. काय झालं ते."

"म्हणजे माझं नाव, मला काय झालंय ते, कुणाला कळलं, कसं कळलं. टेबलावरचा माणूस लिहून घेणार, त्याचा साहेब वाचणार, कंपनीचा वकील वाचणार. जिथे जाऊन दाद मागायची तिथे आधी परत एकदा सांगायचं." तिने केस बांधले, किल्ली उचलली. "धोबीखान्यात अजून कुणाला माहीत नाही, मावशी. राहू दे तसंच."

दाराला कुलूप लावताना ती थांबली. "तुमचा राग येतो मला," ती शांतपणे म्हणाली. "कंपनीचा येत नाही, सुनेचाही फारसा नाही. त्यांच्याकडे मी काही ठेवायला दिलं नव्हतं." आणि जिना उतरून गेली. त्यानंतर ती त्या गल्लीत राहिली नाही. कुठे गेली ते मावशींनी शोधलं नाही. शोधणं म्हणजे चार जणांना तिचं नाव घेऊन विचारणं आलं.

मुलगा म्हणाला, "आई, तो नंबर बंद करून टाक. तुला नवीन घेऊन देतो. सुटशील."

मावशी फोनच्या दुकानात गेल्यासुद्धा. दुकानदाराला विचारलं, "बंद केलेल्या नंबराचं पुढे काय होतं हो?"

"काही महिने पडून राहतो, मग नव्या गिऱ्हाइकाला देतात. नंबर कधी वाया जात नाही, मावशी."

त्या तशाच परत आल्या. लॅबमधून मेसेज अजून येत होते: अमुकची पुढची तपासणी जवळ आली आहे, तमुकने मागच्या खेपेस ही तपासणी केली होती. ॲपही पुन्हा सुरू झालं होतं आणि त्यात 'आपलं कुटुंब' जसंच्या तसं होतं. नंबर सोडला तर ते सगळं कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या हातात पडणार, आणि त्याला ओटीपी विचारायला कुणाला फोनही करावा लागणार नाही.

तेव्हापासून मावशींकडे दोन फोन आहेत. एक बोलायचा. दुसरा कपाटात, कुलपात. तो कुणाला दिसत नाही, त्यावरून कुणाला फोन जात नाही. त्याचं रिचार्ज मात्र त्या कधी चुकू देत नाहीत. आजारी होत्या तेव्हाही काठी टेकत दुकानात गेल्या. रोज सकाळी हात जोडून झाले की कपाट उघडायचं, आलेला मेसेज वाचायचा, ते नाव एकदा मनात घ्यायचं, जिथे असेल तिथे सुखी राहो म्हणायचं आणि पुसायचा. लॅबच्या संगणकातलं पुसता येत नाही. त्यांच्या हातात एवढंच आहे.

सुनेशी बोलणं सुरू आहे. घर म्हटल्यावर बोलावं लागतं. बिट्टी आता शाळेत जाते. माऊचा विषय दोघींपैकी कुणीच काढत नाही. परवा मात्र सून बिट्टीचे कपडे घडी करता करता म्हणाली, "आई, त्या दुसऱ्या फोनचं... तुमच्यानंतर काय करायचं?"

मावशींनी हा प्रश्न स्वतःला पुष्कळदा विचारला होता. "चालू ठेवायचा," त्या म्हणाल्या.

"किती वर्षं?"

"त्या बायका आहेत तोवर."

"ते आपल्याला कसं कळणार?"

"नाही कळणार," मावशी म्हणाल्या.

सुनेने हातातला फ्रॉक उलगडला, पुन्हा घडी केली. "रिचार्ज कुठल्या दुकानात करता?" तिने विचारलं. मावशींनी दुकान सांगितलं. कपाटाची किल्ली मात्र अजून त्यांनी तिच्या हातात दिलेली नाही.